खूण आणि सूची : मद्रासच्या ग्रंथालयातील एक शोध

संग्रह करणे ही माणसाची फार जुनी हौस आहे. परंतु संग्रहातील हवी ती वस्तू हव्या त्या वेळी हाती लागावी, ही विद्या त्या मानाने फार उशिरा जन्माला आली. धान्याच्या कोठारात एक मूठ दुसऱ्या मुठीसारखीच असते. तेथे शोधाशोध करण्याचे कारण पडत नाही. ग्रंथांचे तसे नाही. एका ग्रंथाच्या जागी दुसरा चालत नाही. लाख ग्रंथांच्या भांडारात वाचकाला हवा असलेला ग्रंथ असूनही सापडला नाही, तर त्या वाचकापुरता तो ग्रंथ नाहीच, असे म्हणावे लागते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा प्रश्न मद्रास शहरात, म्हणजे 1996 पासून ज्याला आपण चेन्नई म्हणून ओळखतो त्या शहरात, एका गणिताच्या अध्यापकाने हाती घेतला आणि त्याचे जे उत्तर दिले, ते ग्रंथालयाच्या भिंती ओलांडून आजच्या संगणकविद्येलाही विचारात घ्यावे लागते. त्या अध्यापकाचे नाव शियाळी रामामृत रंगनाथन.

रंगनाथन यांच्या कार्याकडे वळण्यापूर्वी तीन गोष्टींमधील भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. त्या गोष्टी म्हणजे वस्तू, खूण आणि सूची. पुण्याच्या पेशवे दप्तराचे उदाहरण महाराष्ट्रातील श्रोत्यांना परिचयाचे आहे. तेथील जुने कागद रुमालांत बांधून ठेवलेले असत. आतील कागद ही वस्तू. हा रुमाल अमुक प्रांताचा, अमुक सालचा, असे जे त्यावर नोंदवावे ती खूण. आणि एखाद्या अभ्यासकाने 'पानिपत' असे विचारले असता कोणकोणते रुमाल सोडावेत हे ज्या यादीवरून कळेल, ती यादी म्हणजे सूची. खूण वस्तूबरोबर राहते. सूची वस्तूपासून दूर, दाराशी बसते. खुणेवरून 'हे काय आहे' ते कळते, सूचीवरून 'ते कोठे आहे' ते कळते. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली 1930 ते 1934 या काळात त्या दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड प्रसिद्ध झाले. दप्तरातील कागद काही त्या वर्षांत नव्याने निर्माण झाले नव्हते. ते होतेच, त्यांच्याकडे जाण्याची वाट मात्र तेव्हा अभ्यासकांना खुली झाली.

मग प्रश्न असा की, ही सूची करावी कोणी, आणि कशावरून? हा प्रश्न वरवर क्षुल्लक भासतो. सूची करणारा कारकून हुशार असला म्हणजे झाले, असे कोणीही म्हणेल. परंतु दोन हुशार कारकून एकाच संग्रहाची सूची करावयास बसले, तर त्यांच्या दोन सूची सारख्या होत नाहीत. एक जण 'क्षय' या शब्दाखाली नोंद करील, दुसरा 'फुप्फुस' या शब्दाखाली, तिसरा 'रोग' या शब्दाखाली. वाचक नेमका चौथा शब्द घेऊन येतो. सूची ही अशा रीतीने सूचिकाराच्या स्मरणावर, लहरीवर आणि त्या दिवशीच्या उत्साहावर अवलंबून राहते. रंगनाथन यांना हे परावलंबन मान्य नव्हते.

त्यांचा जन्म 1892 मध्ये तंजावर जिल्ह्यातील शियाळी या गावी झाला. मराठी माणसाला तंजावर म्हटले की सरफोजी राजांचे सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. 1798 ते 1832 पर्यंत गादीवर असलेल्या या भोसले राजाने आपल्या पूर्वजांचा ग्रंथसंग्रह अतिशय प्रेमाने वाढविला. त्या राजवाड्यातील संस्कृत हस्तलिखितांची एक वर्गवार सूची आर्थर बर्नेल या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रास सरकारसाठी सिद्ध केली आणि ती 1880 मध्ये पूर्ण झाली. राजाने जमविलेल्या धनाची वार्ता दूरदूरच्या पंडितांपर्यंत नेण्यात त्या सूचीचा मोठा वाटा होता. संग्रह आणि सूची यांचे हे नाते ज्या जिल्ह्याने पाहिले होते, त्याच जिल्ह्यात सूचीला शास्त्राची बैठक देणारा पुरुष जन्मावा, हा एक सुंदर योगायोग होय.

रंगनाथन यांचे शिक्षण मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात झाले. गणितात एम.ए. झाल्यावर त्यांनी मंगळूर, कोइमतूर आणि मद्रास येथील सरकारी महाविद्यालयांत अध्यापन केले. 1924 च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाने त्यांची ग्रंथपाल म्हणून नेमणूक केली. ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण त्यांना नव्हते. वर्गातील चैतन्याला सवयलेल्या या अध्यापकाला ग्रंथालयातील एकांत आरंभी असह्य झाला आणि आपल्याला पुन्हा शिकविण्याच्या कामावर जाऊ द्यावे, अशी खटपटही त्यांनी केली. विद्यापीठाने त्यांना आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून येण्यास सांगितले. त्याच वर्षी ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. तेथे बर्विक सेयर्स हे क्रॉयडनचे ग्रंथपाल वर्गीकरण शिकवीत असत. रंगनाथन यांनी इंग्लंडमधील अनेक ग्रंथालये हिंडून पाहिली आणि त्यांचा परत गणिताकडे जाण्याचा विचार कायमचा मावळला.

त्या काळी ग्रंथालयांत मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाची दशांश पद्धती सर्वत्र रूढ होत होती. 1876 मध्ये निघालेल्या या पद्धतीत सर्व ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे दहा उपवर्ग, त्यांचे पुन्हा दहा, अशी आखणी होती. विषयांची एक लांबलचक यादी आधीच तयार करून ठेवावयाची आणि हाती आलेल्या ग्रंथाला तीमधील एक घर द्यावयाचे, असा हा मार्ग. ड्यूईने आपल्या यादीला शेवटी एक अकारविल्हे सूची जोडली होती आणि तिचा त्याला रास्त अभिमान होता. परंतु ही सूचीदेखील यादीप्रमाणेच हाताने, एकेक शब्द आठवून रचलेली. ज्या विषयाची पूर्वी कोणी कल्पनाच केली नव्हती, तो विषय उद्या ग्रंथरूपाने दाराशी उभा राहिला तर त्याला ना घर, ना सूचीत नाव.

लंडनमधील सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात रंगनाथन यांनी मेकॅनो नावाचे एक खेळणे पाहिले. भोके पाडलेल्या धातूच्या थोड्याशा पट्ट्या, चाके, नट आणि बोल्ट. एवढ्याच सामग्रीतून विक्रेता कधी पूल उभा करी, कधी गाडी, कधी पाळणा. खेळणी अनेक, सुटे भाग थोडे. हे पाहून रंगनाथन यांच्या मनात आले की, विषयांचेही असेच का करू नये? सगळे विषय तयार करून ठेवण्यापेक्षा विषयांचे सुटे भाग तेवढे तयार ठेवावेत, आणि ग्रंथ हाती येईल तसे ते जोडावेत. जोडण्याच्या बोल्टच्या जागी त्यांनी द्विबिंदू, म्हणजे विसर्गासारखे दिसणारे चिन्ह घेतले. 1925 मध्ये परतीच्या प्रवासात बोटीवरच त्यांनी या योजनेचा आराखडा केला आणि तेथील ग्रंथांवर तिचा प्रयोगही करून पाहिला, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. मद्रासला आल्यावर विद्यापीठाच्या ग्रंथालयातील ग्रंथांवर ही पद्धती वर्षानुवर्षे पारखली गेली, आणि 1933 मध्ये 'कोलन क्लासिफिकेशन', म्हणजे द्विबिंदू वर्गीकरण, हा ग्रंथ मद्रासच्या ग्रंथालय संघाने प्रसिद्ध केला.

या पद्धतीचे मर्म एका उदाहरणाने स्पष्ट होईल. 'फुप्फुसाच्या क्षयावरील उपचार' असा एक ग्रंथ आहे असे समजू. रंगनाथन यांच्या पद्धतीत त्याचा वर्गांक 'एल45:421:6' असा होतो. 'एल' हे अक्षर वैद्यकाचे, 45 हा अंक फुप्फुसाचा, 421 क्षयाचा आणि 6 उपचाराचा. यातील प्रत्येक भाग स्वतंत्र आहे. फुप्फुसाच्या जागी अस्थी घातली की अस्थिक्षयावरील ग्रंथाचा अंक तयार. म्हणजे विषयाला एकच खूण नसून अनेक दिशांनी त्याचे मोजमाप आहे. शरीराचा भाग ही एक दिशा, विकार ही दुसरी, त्यावरील क्रिया ही तिसरी. देश आणि काल या आणखी दोन. या दिशांना त्यांनी पैलू असे नाव दिले. पुढे 1952 च्या चौथ्या आवृत्तीत त्यांनी सर्व पैलूंची व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, अवकाश आणि काल अशा पाच मूलतत्त्वांत मांडणी केली, आणि एकट्या द्विबिंदूवर पडलेला भार स्वल्पविराम, अर्धविराम व पूर्णविराम या चिन्हांनीही वाटून घेतला. गणिताचा अभ्यासक एखाद्या बिंदूचे स्थान अक्षांच्या साहाय्याने सांगतो, त्याच रीतीने हा ग्रंथपाल ग्रंथाचे स्थान सांगत होता.

येथपर्यंत खुणेचा प्रश्न सुटला. परंतु त्यातूनच सूचीचा प्रश्न अधिक तीव्र होऊन पुढे आला. विषयाला दिशा अनेक असल्या तरी ग्रंथालयाच्या फळीला दिशा एकच असते. ग्रंथ डावीकडून उजवीकडे एका ओळीत उभे राहतात. वैद्यकात शरीराचा भाग आधी आणि विकार नंतर, असा क्रम एकदा ठरला की फुप्फुसाचे सर्व ग्रंथ एकत्र येतात हे खरे. पण क्षयाचे ग्रंथ विखुरतात. फुप्फुसाचा क्षय एका कपाटात, अस्थीचा दुसऱ्यात, आतड्याचा तिसऱ्यात. क्रम उलटा केला तर क्षय एकत्र येईल आणि फुप्फुस विखुरेल. कोणताही क्रम घ्या, एका आप्ताला जवळ करताना दुसऱ्याला दूर लोटावेच लागते. हा दोष ग्रंथपालाचा नसून एका ओळीचा आहे.

या विखुरलेल्या आप्तांची गाठ घालून देणे हे सूचीचे काम. पण ते करावे कसे? सगळे शब्द सगळ्या क्रमांनी लिहून ठेवावेत, म्हणजे वाचक कोणत्याही शब्दापासून निघाला तरी पोहोचेल, असे एक उत्तर सुचते. परंतु चार शब्दांचे क्रम 24 होतात आणि पाच शब्दांचे 120. एका ग्रंथासाठी 120 पत्रिका लिहावयाच्या ठरविल्या, तर सूचीची कपाटेच ग्रंथांच्या कपाटांना भारी व्हायची! 1934 मध्ये रंगनाथन यांनी तालिकेचे नियम ग्रंथरूपाने मांडले आणि 1938 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'थिअरी ऑफ लायब्ररी कॅटलॉग' या ग्रंथात त्यांनी या अडचणीवरील तोडगा सांगितला. त्याचे नाव शृंखला-पद्धती.

कल्पना मोठी साधी आहे. वर्गांक ही अंकांची नुसती रांग नव्हे, ती एक साखळी आहे. वैद्यक हा पहिला दुवा, त्यातून श्वसनसंस्था, त्यातून फुप्फुस, त्यातून फुप्फुसाचे रोग, त्यातून क्षय, त्यातून उपचार. आता साखळीचे शेवटचे टोक धरून उलट चालावयाचे आणि प्रत्येक दुव्यापाशी एक नोंद करावयाची. 'उपचार, क्षय, फुप्फुस' ही पहिली नोंद. 'क्षय, फुप्फुस' ही दुसरी. 'रोग, फुप्फुस' ही तिसरी. 'फुप्फुस, वैद्यक' ही चौथी. अशा रीतीने मुळापर्यंत. प्रत्येक नोंदीपुढे त्या दुव्याचा वर्गांक. जितके दुवे तितक्याच नोंदी. चोवीसही नाहीत आणि एकशेवीसही नाहीत. फळीवर जे आधी आले होते ते सूचीत शेवटी जाते, आणि जे शेवटी पडले होते ते पुढे येते. त्यामुळे सूचीत 'क्षय' या शब्दाखाली 'क्षय, अस्थी', 'क्षय, आतडे', 'क्षय, फुप्फुस' असे सर्व आप्त एका ठिकाणी भेटतात. फळीने जे विखुरले ते सूची गोळा करते, आणि फळीने जे गोळा केले ते पुन्हा गोळा करण्याचा खटाटोप सूची करीत नाही. दोघींनी कामाची वाटणी करून घेतली.

या पद्धतीत सूचिकाराची लहर उरली नाही. वर्गांक एकदा योग्य रीतीने दिला की त्यातूनच सूचीच्या नोंदी बाहेर पडतात. मद्रासमधील कारकून आणि पुण्यातील कारकून यांच्या नोंदी सारख्याच येतात, कारण दोघेही एकाच साखळीवरून उतरत असतात. तरीही रंगनाथन यांनी माणसाचा विवेक पूर्णपणे बाजूला सारला नाही, हे विशेष आहे. साखळीतील काही दुवे केवळ जोडचिन्हाचे असतात. त्यांना स्वतःचा अर्थ नसतो. अशा दुव्यांना त्यांनी आभासी दुवे म्हटले आणि त्यांची नोंद करू नये असे सांगितले. काही दुव्यांना अर्थ असतो, परंतु त्या नावाने कोणीही वाचक विचारणा करणार नाही, हे अनुभवाने कळते. तेही गाळावेत. म्हणजे नियम सर्व नोंदी पुरवितो आणि माणूस त्यांतील निरुपयोगी नोंदी जाणीवपूर्वक नाकारतो. न सुचल्यामुळे राहून गेलेली नोंद आणि विचारपूर्वक गाळलेली नोंद, या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिलीत वाचकाची उपेक्षा आहे, दुसरीत त्याच्या वेळेची काळजी आहे.

रंगनाथन यांना ही काळजी का वाटत होती, हे समजण्यासाठी त्यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केलेले ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम आठवले पाहिजेत. ग्रंथ वापरण्यासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, आणि ग्रंथालय हे वाढत जाणारे सजीव आहे, असा त्यांचा आशय. ज्या काळात आपल्याकडील पुष्कळशी ग्रंथालये कुलूपबंद कपाटांची होती आणि ग्रंथपाल म्हणजे किल्ल्यांचा राखणदार समजला जाई, त्या काळात मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयात वाचकांना कपाटांपर्यंत मुक्तद्वार देण्यात आले. 1936 मध्ये समुद्रकिनाऱ्याजवळ ग्रंथालयाला स्वतःची प्रशस्त इमारत मिळाली. परंतु दार उघडे ठेवल्याने वाचक आत येतो, एवढेच. आत आल्यावर तो हरवू नये यासाठी फळीवरील क्रम आणि सूची ही दोन्ही हवीत. सूचीचा प्रश्न हा अशा रीतीने कारकुनी सोयीचा न राहता वाचकाच्या हक्काचा होतो. विद्वानाला कोणाला विचारावे हे ठाऊक असते. सूची खरी लागते ती ज्याची कोणाशी ओळख नाही अशा नवख्या विद्यार्थ्याला.

शृंखला-पद्धतीची कसोटी पुढे परदेशात लागली. 1950 मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय ग्रंथसूचीचे प्रकाशन सुरू झाले, तेव्हा तिचे संपादक वेल्स यांनी विषयसूचीसाठी मद्रासची ही पद्धती स्वीकारली. यातील लक्षणीय गोष्ट अशी की, त्या ग्रंथसूचीत वर्गांक ड्यूईचे होते आणि सूची करण्याचा नियम रंगनाथन यांचा. खुणा एकाच्या आणि सूचीची रीत दुसऱ्याची, अशी ही जोडणी होती. सूची करण्याचा नियम हा वर्गीकरणापासून वेगळा काढून दुसऱ्या वर्गीकरणालाही लावता येतो, हे त्यातून सिद्ध झाले.

त्याबरोबरच त्या पद्धतीची मर्यादाही उघड झाली. साखळीतून निघणारी सूची साखळीपेक्षा अधिक चांगली असू शकत नाही. ड्यूईच्या अंकात जी कल्पना व्यक्तच झालेली नसे, तिचा दुवा कोठून यावा? मूळ खूण तोकडी असली की सूचीही तोकडी पडे, आणि मग संपादकांना अंकांना पदरचे शब्द जोडून साखळी पुरी करावी लागे. पुढे संगणक हाताशी आल्यावर 1971 मध्ये त्या ग्रंथसूचीने शृंखला-पद्धती सोडून 'प्रेसिस' नावाची नवी पद्धती घेतली. तिच्यात सूचीची सामग्री वर्गांकावरून न काढता विषयाच्या शब्दांची स्वतंत्र, नियमबद्ध माळ तयार करून पुरविली जात असे. खुद्द द्विबिंदू वर्गीकरणालाही काळाने सर्व यश दिले नाही. त्याचे अंक लांब होत, आवृत्तीगणिक त्यांत बदल होत आणि चालत्या ग्रंथालयाला हजारो ग्रंथांच्या पाठीवरील चिठ्ठ्या बदलणे परवडत नसे. भारताबाहेर फार थोड्या ग्रंथालयांनी ते प्रत्यक्ष वापरले. परंतु पैलूंची कल्पना मात्र जगाने उचलली. 1957 मध्ये इंग्लंडमधील डॉर्किंग येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत पैलूंवर आधारलेल्या वर्गीकरणाला जो पाठिंबा मिळाला, तो त्याचा पुरावा होय.

सूची कशी पुरवावी याच्या या तीन तऱ्हा एकामागून एक आल्या. ड्यूईने ती हाताने रचली, रंगनाथन यांनी ती खुणेतून नियमाने काढली, आणि 'प्रेसिस'च्या कर्त्यांनी ती खुणेपासून अलग करून स्वतंत्रपणे दिली. गंमत अशी की, एकविसाव्या शतकात आकड्यांचा प्रचंड संग्रह करणाऱ्या संगणक-तज्ज्ञांना जवळजवळ हाच प्रवास पुन्हा करावा लागला. त्यांनी तो मद्रासकडे पाहून केला असे नव्हे. प्रश्नाचे रूपच असे आहे की, त्याची वाट याच वळणांनी जाते.

हवामानाच्या नोंदींचे उदाहरण घेऊ. चेन्नई आणि तिच्या सभोवारच्या प्रदेशातील तपमानाचे आकडे संगणकात साठविले आहेत अशी कल्पना करावी. आकड्यांची ही मांडणी म्हणजे घरांचा एक मोठा चौरंगी पट असतो. एक दिशा तारखांची, दुसरी अक्षांशांची, तिसरी रेखांशांची. नुसत्या पटाला फक्त क्रमांक कळतो : चौथी रांग, विसावे घर. 'अमुक तारखेला तेरा अंश उत्तर अक्षांशावर किती तपमान होते', असे माणसाच्या भाषेत विचारावयाचे तर प्रत्येक दिशेला खुणांची पट्टी लावावी लागते. अशा पटाला खुणांकित पट म्हणता येईल. आणि खूण सांगितल्याबरोबर घराचा क्रमांक काढून देणारी जी यंत्रणा, ती त्या पटाची सूची. रुमाल, चिठ्ठी आणि यादी यांचे नाते येथे जसेच्या तसे दिसते.

पायथन या संगणक-भाषेत असे पट हाताळण्यासाठी 2014 पासून 'एक्स-अरे' नावाची एक ग्रंथिका उपलब्ध आहे. हवामान आणि सागरविज्ञान यांचे अभ्यासक तिचा पुष्कळ उपयोग करतात. आरंभी तिची रीत अशी होती की, एखाद्या दिशेला तिच्याच नावाची खुणांची पट्टी जोडली की त्या पट्टीवरून सूची आपोआप तयार होई. खुणेतून सूची काढण्याची ही रीत सामान्य कामाला अतिशय सोयीची ठरली. अडचण आली ती असामान्य ठिकाणी. उपग्रहाने टिपलेल्या तिरप्या चित्रात एकेका दिशेला एकेक पट्टी पुरत नाही; प्रत्येक घराला स्वतःचा अक्षांश आणि स्वतःचा रेखांश असतो. तेथे एका दिशेपुरती आपोआप झालेली सूची कामाची नाही. दोन्ही खुणा एकत्र पाहणारी निराळ्या घडणीची सूची लागते. उलट कित्येकदा खुणा केवळ माहितीसाठी हव्या असतात, त्यांवरून शोध घ्यावयाचा नसतो. तेथे कोट्यवधी खुणांची सूची बांधण्यात वेळ आणि स्मृती दोन्ही वाया जातात.

म्हणून 2022 आणि 2023 या वर्षांत त्या ग्रंथिकेची रचना बदलण्यात आली. सूची ही पट्टीच्या पोटात लपलेली गोष्ट न राहता स्वतंत्र वस्तू झाली. अभ्यासकाला आपल्या कामाला योग्य अशी सूची बाहेरून पुरविता येऊ लागली. आणि सूची नकोच असेल तर तसे स्पष्ट सांगताही येऊ लागले. मात्र स्वातंत्र्य आले की जोखीमही येते. खुणा एक सांगतात आणि बाहेरून आणलेली सूची दुसरेच सांगते, असे झाले तर संगणक बेधडक चुकीचे उत्तर देईल, आणि चुकीचे उत्तर उत्तर नसण्यापेक्षा वाईट. तेव्हा खुणा आणि त्यांची सूची एकाच गाठोड्यात बांधून एकत्रच द्यावीत आणि पटाशी त्यांचा मेळ आत घेतानाच पाहावा, अशी योजना करण्यात आली. सरावाच्या कामात जुनी सोय कायम राहिली : कोणी काहीच न सांगितल्यास सूची पूर्वीप्रमाणे आपोआप होते.

या तोडग्याकडे पाहिले म्हणजे रंगनाथन यांची शिस्त आठवते. सामान्यतः नियमाने नोंदी पुरवाव्यात, निरुपयोगी नोंदी विचारपूर्वक नाकाराव्यात, आणि खूण व सूची यांची फारकत होऊ देऊ नये. जे त्यांनी हाताने लिहिलेल्या पत्रिकांच्या खणांत साधले, तेच येथे निमिषार्धात चालणाऱ्या यंत्रात साधावयाचे आहे. पत्रिका गेल्या, खण गेले, प्रश्न राहिला.

रंगनाथन यांनी नंतर मद्रास विद्यापीठ सोडले. पुढे काशी, दिल्ली, झुरिक आणि बंगलोर असा त्यांचा कार्यप्रवास झाला. 1965 मध्ये भारत सरकारने त्यांना राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा मान दिला आणि 1972 मध्ये बंगलोर येथे त्यांचे निधन झाले. 1945 मध्ये कोल्हापूर संस्थानाने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. मद्रास प्रांताने 1948 मध्ये आणि महाराष्ट्र राज्याने 1967 मध्ये तसे कायदे केले. कायद्याने ग्रंथालय उभे राहते, पैशाने ग्रंथ येतात. परंतु गावातील एखादा मुलगा संध्याकाळी तेथे जाऊन आपल्याला हवे ते पुस्तक स्वतः शोधून काढतो, तेव्हाच ते ग्रंथालय त्याचे होते.

ज्ञानाचा संचय आज पूर्वी कधी नव्हता इतका वाढला आहे, आणि त्यातील कितीतरी भाग माणसाच्या दृष्टीस न पडता यंत्रांतून यंत्रांत जात असतो. अशा वेळी सूची ही अदृश्य होत जाते. प्रश्न विचारला की उत्तर येते. ते कोणत्या वाटेने आले आणि कोणत्या गोष्टी त्या वाटेवर नव्हत्या म्हणून मागेच राहिल्या, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. मद्रासच्या त्या ग्रंथपालाने शिकविलेला धडा याच ठिकाणी उपयोगी पडतो. सूची कोणत्या नियमाने झाली हे उघड असावे, जे गाळले ते का गाळले हे सांगता यावे, आणि वस्तूवरील खुणेशी तिचा मेळ कोणालाही तपासून पाहता यावा. एवढे झाले म्हणजे संग्रह कितीही अफाट असो, त्यात शिरलेला सामान्य माणूस परका ठरत नाही.